त्रास नाही, म्हणून तपासणी नाही?

'शुगर आहे, पण त्रास काही नाही.' चंद्रपूर-बल्लारपूरच्या घराघरांत मी हे ऐकतो. धोका इथेच आहे. मधुमेहाने किडनी बिघडू लागते तेव्हा काही दुखत नाही. फक्त अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून झिरपू लागते. पायांना सूज येईपर्यंत बहुधा बराच उशीर झालेला असतो.

टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि पुढे दरवर्षी दोन तपासण्या हव्यात: रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. हे प्रमाण ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० आले तर पुन्हा तपासून खात्री करायची. या टप्प्यावर साखर, रक्तदाब आणि योग्य औषधे सांभाळली तर नुकसान बरेच रोखता येते. नाहीतर पुढे डायलिसिस, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. सिरोंचाहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय सुमारे २०० किलोमीटर आहे. रोजंदारीवरच्या माणसाने हे कसे निभवायचे?

दोस्तांनो, आज अब्बा-अम्मींची फाइल उघडा. लघवीची ही तपासणी त्यात नसेल तर डॉक्टरांना विचारा. गुडघेदुखीच्या गोळ्याही मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्या किडनीवर भार टाकतात. रमजानच्या रोज्यांबाबतही आधी डॉक्टरांशी बोला.