उकिरडा आणि पिंजरा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. रात्री हातगाड्या आवरल्या की तेथे उरल्यासुरल्या अन्नावर कुत्र्यांची पंगत बसते. पहाटे कामावर निघालेला माणूस याच कुत्र्यांना भिऊन दुचाकी दामटतो आणि म्हणतो, 'सगळी पकडून दूर नेऊन सोडा.' बिबट्याविषयीही हीच भाषा. नोव्हेंबर २०२५ मध्ये शहराच्या गंगापूर रस्ता परिसरातील वस्तीत बिबट्या शिरला, माणसे जखमी झाली आणि पिंजऱ्यांची मागणी पुन्हा उठली.

ही भीती खरी आहे. तिची टवाळी करण्याचा अधिकार बंद मोटारीतून फिरणाऱ्या प्राणिप्रेमींना नाही. चावा बसतो तो पायी चालणाऱ्याला, आणि बिबट्या उचलतो ते फडालगतच्या कोपीत निजलेले ऊसतोड मजुराचे लेकरू. आमचा आक्षेप भीतीवर सुचवल्या जाणाऱ्या उपायाला आहे.

कोणत्याही जीवजातीची संख्या चारच गोष्टींनी बदलते: जन्म, मृत्यू, बाहेरून येणे आणि बाहेर जाणे. अन्न व निवारा मुबलक असेल तोवर ती वेगाने वाढते आणि त्या जागेच्या धारणशक्तीपाशी येऊन मंदावते. बेल्जियमच्या वेर्हुल्स्टने १८३८ मध्येच हे गणितात मांडले होते. जागेची धारणशक्ती तशीच ठेवून तुम्ही दहा प्राणी उचलले, तर उरलेल्यांच्या वाट्याला अधिक अन्न येते, अधिक पिल्ले जगतात आणि शेजारचे प्राणी मोकळ्या जागेत उतरतात. कुत्रीचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा. तिला फार वाट पाहावी लागत नाही.

जुन्नरच्या अनुभवाकडे आपण डोळेझाक का करतो, हे मला खरोखरच कळत नाही. तेथे २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या वनांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यानुसार पूर्वी वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरील हल्ले सतरावर गेले आणि हल्ले प्राणघातक ठरण्याचे प्रमाण दुप्पट झाले. अनोळखी मुलखात टाकलेले बिथरलेले जनावर आणखी काय करणार? पिंजऱ्याशेजारी छायाचित्र मात्र छान येते.

आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात अत्रेय यांनीच बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाने त्यांना आडोसा दिला आणि आपल्या उकिरड्याने त्यांचे भक्ष्य पोसले. त्यात गिधाडे गेली. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन ती नव्वदच्या दशकात झपाट्याने मेली. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली ती २००६ मध्ये. अंजनेरीच्या कड्यांवर थोडी उरली आहेत. मेलेल्या गुरांचे मांस मग कुत्र्यांनाच मोकळे झाले.

निर्बीजीकरण हा उपाय योग्यच आहे, पण तो अर्धवट करून भागत नाही. एका भागातील सुमारे ७० टक्के कुत्री थोड्या अवधीत निर्बीज झाली तरच संख्या उतरते. वर्षभर इकडून दोन, तिकडून चार उचलून केवळ देयके निघतात. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवण्यास सांगितले. मुलांच्या सुरक्षेसाठी ते समजण्यासारखे आहे. परंतु कुंपणाबाहेरचा कचरा तसाच राहिला, तर नवी कुत्री येण्यास कितीसा वेळ लागणार?

आपण ख्रिस्ती माणसे संत फ्रान्सिस आणि गुब्बियोचा लांडगा ही कथा मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. तिच्यातला करार मात्र गाळतो. लांडग्याने हिंसा सोडावी, तशी नगरानेही आपली बाजू पाळावी, असा तो करार होता. (लांडग्याला रोज खाऊ घालण्याची त्यातली अट आजच्या जीवशास्त्रज्ञाला पटणार नाही, हे मान्य. आपण तर करार न करताच रोज खाऊ घालत आहोत!) पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीवरील मानवाच्या प्रभुत्वाचा अर्थ मनमानी सत्ता असा घेण्यास स्पष्ट नकार दिला. ते परिपत्रक आपल्या किती धर्मग्रामांत वाचले गेले? आणि वाचले गेले असेल, तर सणाच्या जेवणानंतर चर्चच्या मागच्या भिंतीपलीकडे पत्रावळी अजून कोण फेकते?

द्वारका चौकातील हातगाडीवाल्याला झाकणाची कचरापेटी द्यावी आणि रात्री शेवटची गाडी आवरल्यावर कचरा उचलणारी घंटागाडी यावी, एवढी मागणी नगरसेवकाकडे करा. पिंजऱ्याचे निवेदन त्यानंतर लिहू.