जुन्या विमानाची पारख

शेतीच्या कामीं विमानाचा उपयोग ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. १९२१ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत ट्रॉय गांवाजवळ कटाल्पा वृक्षांवरील अळीचा नाश करण्यासाठीं विमानांतून विषारी भुकटी उडविण्यांत आली. आज तेथील कित्येक कुरणवाले आपलीं गुरें, कुंपणें व पाणवठे पाहण्यासाठीं घरचें लहान विमान बाळगतात. नवें परवडत नाहीं म्हणून पुष्कळ जण जुनें घेतात, आणि जुन्याच्या जाहिरातींत 'सुधारणा केलेलें' हे शब्द ठळक असतात. हे शब्द गुण सांगतात कीं दोष झांकतात, याचा विचार आम्हीं येथें योजिला आहे. कारण जुनें यंत्र घेण्याचा प्रसंग आमच्या वाचकांवरही वारंवार येतो.

उदाहरणादाखल पायपर कंपनीचें 'सुपर कब' घेऊं. हें विमान १९४९ सालीं निघालें व १९९४ पर्यंत बनत होतें. माणसें दोन, एकामागें एक. सांगाडा पोलादी नळ्यांचा व त्यावर कापड. पुढें दोन मोठीं चाकें व शेपटाखालीं एक लहान. खडबडीत माळावर उतरण्यास ही रचना उत्तम. परंतु वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागें पडत असल्यामुळें जमिनीवर धांवतांना विमान जरा तिरकें झालें कीं शेपूट पुढें येऊं पाहतें, आणि बेसावध वैमानिकासह तें गर्रकन् फिरतें. म्हणून अशा विमानानें पूर्वी एकादी गिरकी घेतली असेल असें धरूनच पाहणीस जावें. पंखांचीं टोकें, चाकांचे पाय आणि ते सांगाड्यास जेथें जोडले आहेत तेथील नळ्या बारकाईनें तपासाव्या.

आतां सुधारणांकडे वळूं. फुगीर मोठे टायर, लांब केलेले पाय, मागें वाढविलेली सामानाची जागा, यांपैकीं प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर उपयोगाचीच. परंतु प्रत्येकीस वजन आहे. १५० अश्वशक्तीचें सुपर कब कारखान्यांतून निघे तेव्हां रिकामें सुमारें ९३० पौंड भरे, आणि भरून उडण्याची मर्यादा १,७५० पौंड. म्हणजे ओझ्यास ८२० पौंड उरत. सुधारणांनीं २०० पौंड खाल्ले असें समजा; राहिले ६२०. दोन्ही टाक्यांतील ३६ गॅलन पेट्रोलाचे २१६ वजा जातां ४०४, व प्रत्येकीं १८० पौंडांचीं दोन माणसें बसलीं कीं शिल्लक अवघे ४४! मग गुरांसाठीं मिठाची गोणी न्यावी कशी? मागची जागा मोठी केली, पण तींत घालण्यास वजन उरलें नाहीं. आणि घातलेंच, तर वजनाचा मध्य आणखी मागें जाऊन आकाशांत व जमिनीवर दोन्हीकडे धोका वाढतो. यास्तव विमान प्रत्यक्ष कांट्यावर तोलून घ्यावें. केवळ कागदावरील बेरजेवर विश्वासूं नये.

कागदांची पाहणी तितकीच महत्त्वाची. अमेरिकेंत मोठा फेरफार केल्यास त्यास मान्यतेचा आधार लागतो आणि त्याची नोंद ३३७ क्रमांकाच्या फॉर्मावर होते. कांहीं फेरफारांनीं वजनाची मर्यादा वाढवून मिळते, पण तीही कागदोपत्रीं असेल तरच खरी. विमानावर दिसणारी पण कागदांत नसणारी सुधारणा म्हणजे आधींच्या मालकाचें कर्ज होय. तें नवा मालक फेडतो.

तिसरी गोष्ट गंज. पंखांस तोलून धरणारे जुने आधारदांडे आंतून गंजतात. तेथील विमान-खात्यानें ते दर दोन वर्षांनीं तपासण्याचा हुकूम केलेला आहे. हवाबंद नवे दांडे बसविल्यास या वारंवार तपासणींतून सूट मिळते. शेपटाकडील खालच्या नळ्यांत पाणी सांचतें. विमान औषधफवारणीस वापरलेलें असेल तर काळजी दुप्पट घ्यावी. नव्या कापडास भुलूं नये. तें चढविण्यापूर्वी सांगाडा कोणीं पाहिला व काय दुरुस्त केलें याची नोंद मागावी. इंजिन किती तास चाललें एवढेंच न विचारतां किती वर्षें निजून होतें हेंही विचारावें, कारण स्वस्थ पडलेल्या इंजिनासही आंतून गंज चढतो.

कोणी म्हणेल कीं, मालकानें सुधारणांवर हजारों डॉलर घातले, त्यांची किंमत द्यावयास नको काय? आमचें मत असें कीं, आपल्या कामास लागणाऱ्या सुधारणेचीच किंमत द्यावी; दुसऱ्याची हौस विकत घेण्यास आपण बांधलेले नाहीं. सौदा पुरा होण्यापूर्वी, ज्यानें त्या विमानाची देखभाल कधीं केलेली नाहीं अशा माहितगार मिस्त्रीकडून तपासणी करवावी. विकणारा त्यास आडवा आला तर सरळ परत फिरावें.

बाजारांत बैल घेतांना रंगविलेल्या शिंगांकडे न पाहतां दांत व खूर पाहणारा शेतकरी आम्हांस ठाऊक आहे. तीच नजर त्यानें यंत्राकडे वळविली पाहिजे. मग तें विमान असो, ट्रॅक्टर असो कीं विहिरीवरचें इंजिन असो. बैल खोटा निघाल्यास पैसे जातात. विमान खोटें निघाल्यास माणूस जातो.