पाकीट फोडावं की नाही?

मागच्या शनिवारी बऱ्याच दिवसांनी नेवाशाला मामांकडे जाऊन आलो. जेवणं झाली, सुपारी झाली, आणि मग मामांनी नेहमीप्रमाणे लोखंडी कपाटातून ती डबी काढली. लहानपणापासून ही डबी मी फक्त लांबूनच बघत आलोय. आत आहे १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेला प्रूफ नाण्यांचा संच: २० पैसे, ५० पैसे, एक रुपया आणि चांदीचे दहा रुपये. नोकरी लागल्यावर, ऐंशीच्या दशकात, मामांनी तो एका विक्रेत्याकडून पैसे साठवून घेतला. तेव्हापासून घरात नियम एकच. आतलं प्लॅस्टिकचं पाकीट कुणी फोडायचं नाही.

यावेळी डबी हातात घेतली आणि पहिल्यांदा जाणवला तो वास. नव्या रेक्झिनच्या सीटला येतो ना, तसा. पाकीट बोटाला चिकट लागत होतं. आणि २० पैशांच्या पिवळ्या नाण्यावर, बरोबर गांधीजींच्या खांद्यापाशी, हिरवा ओलसर थर.

"मामा, हे आत्ताच्या आत्ता फोडायला हवं."

"वेडा आहेस का? फोडलं की किंमत गेली. ओरिजिनल पॅकिंग आहे ते!"

पुढचा तासभर आम्ही दोघं यावरच भांडलो. मामी मध्येच येऊन "चिंच लावून घासा की, लख्ख होईल" म्हणून गेल्या, तेव्हा मात्र आम्ही दोघंही एकदम "नको!" म्हणून ओरडलो. तेवढ्यापुरतं आमचं एकमत होतं.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रूफ नाणं चलनासाठी नसतंच. त्याची चकती आधी पॉलिश करतात, ठसाही पॉलिश करतात, आणि एकाऐवजी दोन किंवा जास्त वेळा दाब देऊन नाणं पाडतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी चमकते आणि चेहरा, अक्षरं दुधी दिसतात. या आरशावर बोट टेकवलं की घामातले क्षार आणि आम्लं आपलं काम सुरू करतात, आणि काही दिवसांनी तो ठसा कायमचा होतो. म्हणून ही नाणी बंद पाकिटात ठेवतात आणि म्हणूनच संग्राहक त्या पाकिटाला जीव लावतात.

आता मामांची बाजू. ती अजिबात येडपट नाही. गांधी शताब्दीच्या या नाण्यांवर १९६९ हे साल कुठेच नाही. आहे ते १८६९–१९४८, म्हणजे गांधीजींचं जन्म आणि मृत्यूचं साल. ही मुंबई टांकसाळीची प्रूफ आहेत हे सांगायला एक बारीकसं 'बी' अक्षर, बस्स. म्हणजे नाणं स्वतःबद्दल फारच कमी बोलतं. कोणत्या संचातलं, कुणी, कधी, कसं विकलं, चारही नाणी पहिल्यापासून एकत्र आहेत की कुणी मधलं एखादं बदललंय, हे सगळं डबी, कागद आणि पाकीट सांगतं. आमच्या धंद्याच्या भाषेत नाणं म्हणजे डेटा आणि पॅकिंग म्हणजे मेटाडेटा. मेटाडेटा उडाला की डेटाचं काय होतं हे कुठलीही जुनी सिस्टिम सांभाळणाऱ्याला विचारा.

आणि हे नेवाशाच्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको. ज्ञानेश्वरीमुळे, पैसच्या खांबामुळे हे गाव सगळ्यांना माहीत आहे, पण इथेच प्रवरेच्या काठी १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं. अश्मयुगापासून मराठा काळापर्यंतचे थर एकाखाली एक निघाले. सातवाहनांची नाणीही सापडली. तसं सातवाहन नाणं तुम्हाला एखाद्या विक्रेत्याच्या ट्रेमध्येही मिळेल. पण ते फक्त नाणं. नेवाशाचं नाणं कुठल्या थरात, कुठल्या खापरांशेजारी होतं याची नोंद आहे, म्हणून त्यावरून काही बोलता येतं. मातीचा थर हे त्याचं ओरिजिनल पॅकिंगच की!

त्याहून भारी गोष्ट म्हणजे इथल्या ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. मण्यांच्या आत दोऱ्याचे तंतू शिल्लक होते. तपासणीत ते रेशीम आणि कापूस निघाले. तांब्याच्या क्षारांनी दोरा कुजू दिला नाही. मणी चकचकीत करायच्या नादात कुणी ते धुऊन पुसून काढले असते तर? मणी राहिले असते, आणि त्यातली सगळ्यात मोठी बातमी मोरीतून वाहून गेली असती.

इथपर्यंत मामा बरोबर. गडबड पुढे आहे.

मऊ, पारदर्शक, वास येणारं प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं घालतात. वर्षानुवर्षं ती झिरपत राहतात, म्हणून पाकीट चिकट होतं. शिवाय पीव्हीसी हळूहळू कुजताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. नाण्यात तांबं असलं की हिरवा थर आलाच. २० पैशांचं नाणं अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचं, म्हणजे बहुतांश तांबं, त्यामुळे पहिला बळी त्याचा. ५० पैसे आणि रुपया निकेलचे, ते तगले. दहा रुपयांत ८० टक्के चांदी, उरलेल्यात तांबं, तेव्हा पुढचा नंबर त्याचाच. नेवाशाचा उन्हाळा आणि बंद लोखंडी कपाट म्हणजे या सगळ्याला आयतं खतपाणी.

म्हणून माझं मत असं आहे. 'न फोडलेलं पाकीट' याची बाजारात किंमत येते हे खरं, आणि त्यामागचं कारणही खरं आहे. पण ती किंमत नाणं शाबूत राहील या भरवशावर दिलेली असते. पाकीटच नाणं खात असेल तर आपण त्या भरवशाचं फक्त वेष्टण सांभाळतोय. उलट काही हौशी लोक ग्रेडिंग कंपनीच्या प्लॅस्टिकात नाणं बंद करून घेण्यासाठी संच फोडतात आणि डबी, कागद सरळ कचऱ्यात टाकतात. तेही तितकंच चूक. नाणं वाचवायला पाकिटातून काढा, आणि पाकीट, डबी, कागदाचा कपटासुद्धा शेजारी वेगळा जपून ठेवा. फोडण्याआधी फोटो काढा. कधी, का आणि कुणी फोडलं ते लिहून ठेवा. उद्या विकायची वेळ आली आणि घेणाऱ्याने चार पैसे कमी दिले तर देऊ देत.

शेवटी मामांना पटलं ते मण्यांच्या गोष्टीने नव्हे, भिंगाने. हिरव्या थराच्या कडेला आरशात बारीक खड्डे पडलेले त्यांनी स्वतः पाहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नातीला द्यायचा होता रे हा." आणि कात्री घेऊन आले.

खिडक्या उघडल्या, गॅस बंद आहे ना बघितलं, आणि शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात बाकीही बरंच काही असतं) नाणी एकेक करून बुडवली. घासायचं नाही, पुसायचं नाही, कडेला धरून काढायचं आणि सुकू द्यायचं. चिकटपणा गेला, हिरवाही बराचसा गेला. खड्डे राहिले. ते आता जाणार नाहीत. दहा वर्षांपूर्वी हे केलं असतं तर, हा विचार दोघांच्याही डोक्यात होता, पण बोललं कुणीच नाही.

नाणी आता कडक अ‍ॅक्रिलिकच्या कॅप्सूलमध्ये आहेत, सोबत सिलिका जेलची पुडी. रिकामं पाकीट पॉलिएस्टरच्या पिशवीत, नाण्यांपासून लांब. ते टांकसाळीचं होतं की त्या विक्रेत्याने घातलेलं, हे आज मामांनाही आठवत नाही, कारण तेव्हा कुणी लिहून ठेवलं नाही. यावेळी मात्र मामांनी स्वतःच्या अक्षरात तारखेसकट चार ओळी लिहिल्या आणि डबीत ठेवल्या.

तुमच्या घरी आजोबांच्या, मामांच्या कपाटात असा एखादा संच असेल तर या वीकएंडला काढून बघा. आधी वास घ्या. मग पाकिटाला बोट लावा, नाण्याला नको.