भूमिकेचे इमान आणि तादात्म्याची भ्रांती

व्हिडिओ गेममधील भूमिकाधारणेचा विचार करताना समीक्षक 'तादात्म्य' हा शब्द इतक्या सहजपणे हाताशी धरतात, की त्यातून नेमके काय स्पष्ट होते हे विचारण्याची गरजच उरू नये. खेळणारा पात्रात बुडतो, स्वतःला विसरतो आणि म्हणून भूमिकेशी इमान राखतो, अशी ही उपपत्ती. खेळण्याच्या प्रत्यक्ष व्यवहारापुढे ती टिकत नाही.

२०११ साली प्रसिद्ध झालेला 'स्कायरिम' घ्यावा. त्यात एकच पात्र योद्ध्यांच्या संघाचे नेतृत्व करू शकते, जादूगारांच्या विद्यापीठाचे कुलगुरू होऊ शकते, आणि चोरांच्या व मारेकऱ्यांच्या संघटनांची सूत्रेही हाती घेऊ शकते. (कुलगुरुपदासाठी जादूचे जुजबी ज्ञान पुरते, ही सोय खेळापुरतीच आहे असे समजावे.) नियमांना यात कोणताही विसंवाद दिसत नाही. अशा खेळात 'हा माणूस चोरी करणार नाही' असे ठरवून दुसऱ्याच्या घरातील पेटीतले सोने तसेच ठेवणारा खेळाडू नेमके काय करतो? यंत्र त्याच्या संयमाला बक्षीस देत नाही. सोन्याचा उपयोग त्याला पुरता ठाऊक असतो. मोह त्याला होतो, आणि तो आवरतोही तोच. स्वतःला विसरलेल्या खेळाडूला हे साधणारच नाही.

यावर न. चिं. केळकरांच्या सविकल्प समाधीचा दाखला दिला जाईल. परंतु ती समाधी रसिकाची आहे. आत्मभान राखून परकायाप्रवेश करणाऱ्या वाचकाला त्यापायी काही गमवावे लागत नाही. नायकाचे भवितव्य लेखकाने आधीच ठरवलेले असते. शंकुकाचा चित्रतुरगन्यायही प्रेक्षकाच्या प्रतीतीपुरताच आहे. दिदरोने नटाकडे लक्ष वळवले आणि भावनावश न होणाऱ्या नटाचा पुरस्कार केला खरा. पण त्या नटाच्या हाती नाटककाराची संहिता असते. खेळाडूने कसे वागावे हे सांगणारी तशी संहिता नसते.

दुसरा पक्ष नियमवाद्यांचा. त्यांच्या मते भूमिका म्हणजे आकड्यांत मांडलेली क्षमता. २०१९ मधील 'डिस्को एलिझियम' त्यांना सोयीचा वाटावा असाच आहे : स्मृती गमावलेल्या पोलिस अधिकाऱ्याच्या २४ क्षमता त्याच्या डोक्यात स्वतंत्र आवाजांत बोलतात, आणि अनेक कृतींचा निकाल दोन फाशांवर लागतो. मात्र फासे उलटे पडले, की आधी जतन केलेल्या जागी परतून तेच दान पुन्हा टाकण्याची मोकळीक येथेही आहे. ती घेतली, की फजिती झालेल्या अधिकाऱ्याची भूमिका संपते आणि यशाचा हिशेब मांडणारा खेळाडू तेवढा शिल्लक राहतो. या खेळातील अपयशाचे प्रसंग पुष्कळदा यशाच्या प्रसंगांहून कसदार आहेत, हे अशा खेळाडूला कळणारही नाही. फजिती पदरात घेऊन पुढे जायचे की नाही, हे २४ पैकी कोणताही आकडा ठरवत नाही.

तादात्म्याऐवजी 'व्रत' म्हणणे अधिक युक्त ठरेल. फक्त या व्रताला फलश्रुती नाही. वाचककेंद्री समीक्षेलाही येथे आपली मांडणी तपासावी लागेल. वोल्फगांग इझरचा वाचक संहितेतील रिक्त जागा भरतो. हा खेळाडू भरलेल्या संहितेत नकाराने रिक्त जागा निर्माण करतो, आणि त्या कोठेही नोंदल्या जात नाहीत. पेटी पाहून सोने न घेता पुढे गेलेला आणि पेटी मुळात न दिसलेला, या दोघांनी जतन केलेल्या खेळांत या बाबतीत काही फरक आढळत नाही. भूमिका केली ती पहिल्याने; पण केवळ संवाद आणि नियम तपासणाऱ्या चिकित्सेला हे दोन्ही खेळाडू एकच वाटतात.