बांध कोणी कोरला, एवढं तरी म्हणा



कपाशीची दुसरी वेचणी उरकली. पहिल्या वेचणीला पावसानं डाग लागला होता, तिला भाव कमी मिळाला हे समजू शकतो. पण दुसरी पांढरीशुभ्र निघाली तरी व्यापारी हमीभावाच्या बराच खाली मागतोय. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, म्हणून माल पत्र्याखाली पसरून ठेवलाय. हरभरा उगवून आलाय, मर अजून तरी दिसत नाही. बीजप्रक्रिया केली होती, त्याचा फायदा म्हणायचा.

आज मात्र पिकाचं लिहायचं नाही. म्हणजे पिकाचंच आहे, पण लांबून येऊन.

परवा पारावर कापसाच्या भावाची चर्चा चालली होती. १९ ऑगस्टला सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या वेळेला बाहेरच्या कापसाला दार सताड उघडं. कारण काय दिलं, तर गिरण्यांना कापूस पुरला पाहिजे. असेल. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि त्यातले २५ टक्के आपण रशियाचं तेल घेतो म्हणून लावले. कापडवाल्यांच्या ऑर्डरी अडचणीत आल्या, त्यांना कापूस स्वस्त पाहिजे होता, आणि तो स्वस्त करायला देशात एकच जागा सापडली: आपलं वावर.

एवढं सगळं बोलून झाल्यावर आमच्यातला एक जाणता माणूस म्हणाला, "रशिया-युक्रेन हे त्यांचं भाऊबंदकीचं भांडण आहे. आपण कशाला मध्ये पडायचं? आपण गप्प राहिलो तेच शहाणपण." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तेव्हा गप्प बसलो. नंतर रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहितोय.

भाऊबंदकी म्हणता ना? मग भाऊबंदकीच्याच हिशेबानं बघू. बांध कोरणारा माणूस एका रात्रीत एकर गिळत नाही. पहिल्या वर्षी एक तास आत मारतो आणि बघतो कोण काय म्हणतंय. कोणी काही म्हणालं नाही तर पुढच्या वर्षी दुसरं तास. हे आपल्याला शिकवायला कोणी यायला नको, तहसील आणि कोर्टाच्या निम्म्या तारखा त्याच्याच असतात.

युक्रेनची हद्द काही तोंडी नव्हती. १९९४ साली बुडापेस्टला कागद झाला. युक्रेननं आपल्याकडची अण्वस्त्रं सोडली, तो साठा तेव्हा जगात तिसऱ्या क्रमांकाचा होता. बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी सही करून दिली की तुमच्या सीमांचा मान राखू. सही करणाऱ्यांत रशिया स्वतः होता. २०१४ ला त्यानंच क्रिमिया घेतला. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०० देश युक्रेनच्या बाजूनं उभे राहिले, ११ विरोधात, आणि ५८ तटस्थ. त्या ५८ मध्ये आपण. बाजूनं मत देणाऱ्यांनी तरी काय केलं? थोडे निर्बंध लावले, आणि जर्मनीनं पुढच्याच वर्षी रशियाबरोबर नव्या गॅसवाहिनीला होकार दिला. पहिलं तास पचलं. आठ वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, नांगर घेऊन तो थेट राजधानीकडे निघाला.

२ मार्च २०२२ ला परत मतदान झालं. रशियानं सैन्य मागे घ्यावं म्हणणारे १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. आपण पुन्हा तटस्थ. त्या सप्टेंबरअखेर रशियानं युक्रेनचे चार प्रांत आपले म्हणून जाहीर केले, ऑक्टोबरात ते बेकायदा आहे असं म्हणणारे १४३ निघाले, तेव्हाही आपण तटस्थच. आपल्या प्रतिनिधींच्या भाषणात सार्वभौमत्व, सीमांचा आदर हे सगळे शब्द असतात बरं का. नसतं ते फक्त बांध कोरणाऱ्याचं नाव.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी लिहितो. १९७१ ला बांगलादेशच्या वेळी सगळं जग आपल्यावर उलटलं होतं. आमसभेत १०४ देशांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूनं मत दिलं, आपल्या बाजूला मोजून ११. सुरक्षा परिषदेत रशियानं नकाराधिकार वापरून आपल्याला सांभाळलं. ते उपकार मोठे आहेत आणि विसरू नयेत. पण ते उपकार सोव्हिएत संघाचे, आणि युक्रेन हा त्या संघाचाच भाग होता. मग उपकाराची फेड एकाच भावाला का?

दुसरा मुद्दा नेहमी येतो तो खताचा. "रशियाला दुखावलं तर डीएपी कुठून आणायचा?" माझ्यासारख्याला हा मुद्दा लागतो, कारण २०२२ च्या खरिपात गोणीमागं धावलोय मी. डीएपी १३५० ला मिळावा म्हणून सरकारला गोणीमागं २५०१ रुपये अनुदान द्यावं लागलं. पोटॅश तर युद्धाच्या आधीच भडकलं होतं, कारण बेलारूसचा माल लिथुआनियाच्या बंदरातून निघणं बंद झालं. आमच्या इथल्या दुकानदारानं त्या वर्षी एका डीएपीमागं सूक्ष्म अन्नद्रव्याची नको असलेली पिशवी गळ्यात मारली, ती अजून गोठ्याच्या माळ्यावर पडलीय.

पण ब्राझीलकडे बघा. तो आपल्या गरजेच्या पाच हिश्श्यांतलं चार हिस्से खत बाहेरून आणतो, आणि त्याला सगळ्यात जास्त खत देणारा रशियाच. त्यांचे अध्यक्ष तर युद्धाच्या आदल्याच आठवड्यात मॉस्कोला जाऊन आले होते. तरी २ मार्चला ब्राझीलनं आक्रमणाच्या विरोधात मत दिलं. रशियानं खत बंद केलं? नाही. बोटी येत राहिल्या, सोयाबीन पेरलं गेलं. इजिप्त घ्या. जगातला सगळ्यात मोठा गहू आयात करणारा देश, भाकरी रशिया आणि युक्रेनच्याच गव्हाची. त्यानंही १४१ मध्येच मत टाकलं आणि गहू घेत राहिला. विकणाऱ्यालाही पैसा हवाच असतो. बांध कोरणाऱ्याचा कडबा तुम्ही विकत घ्या, कोणी नाही म्हणत नाही. पण पंचनाम्याच्या दिवशी पाहुण्याकडे निघून जायचं आणि वर त्याला तत्त्व म्हणायचं, हे माझ्या गळी उतरत नाही.

केनियाचं उदाहरण तर आपल्याला, सीमाभाग माहीत असलेल्या लोकांना, पटकन कळावं. हल्ल्याच्या तीन दिवस आधी त्यांचे राजदूत मार्टिन किमानी सुरक्षा परिषदेत बोलले. आशय असा की आमच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, लंडन-पॅरिसवाल्यांनी आखल्या, आमच्याच भाषेची, रक्ताची माणसं पलीकडे राहिली. तरी आम्ही त्या मान्य केल्या, कारण प्रत्येक जण आपल्या माणसांसाठी हद्द बदलायला निघाला तर रक्तपात संपणार नाही. बेळगाव-कारवारसाठी आपणही इतकी वर्षं भांडतोय, पण कोर्टात. रणगाडे घेऊन नाही.

गोऱ्यांचं गुणगान गातोय असं समजू नका. इराकवर २००३ ला चालून जाणारे हेच. रशियाचं तेल घेतो म्हणून आपल्याला सुनावणारा युरोप स्वतः रशियाचा गॅस घेत होता, आणि आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांना त्यावर बोल लावले ते बरोबरच होते. अमेरिकेचं तर विचारूच नका. २४ फेब्रुवारी २०२५ ला, युद्धाला तीन वर्षं झाली त्या दिवशी, आमसभेत युरोप आणि युक्रेनच्या ठरावाविरुद्ध अमेरिकेनं रशियाच्या बाजूला हात वर केला. आणि सहा महिन्यांत रशियाच्या तेलाचं निमित्त करून आपल्यावर शुल्क लावलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पण पाटील लबाड आहे म्हणून बांध कोरणाऱ्याचा गुन्हा माफ होतो का? 'नाटो'नं डिवचलं म्हणतात, डिवचलं असेलही. शेजाऱ्यानं कोणाशी सोयरीक करावी ते मी ठरवणार आणि नाही ऐकलं तर त्याच्या वावरात घुसणार, हे कुठल्या न्यायात बसतं?

आपण शेतकरी, म्हणून तिकडच्या वावराचं सांगतो. तिथली काळी माती म्हणजे चर्नोझेम. आपली काळी वेगळी, आपली चिकण मातीनं काळी आणि भेगाळणारी, सेंद्रिय कर्ब बघायला गेलं तर अर्ध्या टक्क्याला महाग. त्यांची कुजलेल्या गवताच्या हजारो वर्षांच्या थरानं काळी. अशा मातीत आता सुरुंग पेरलेत. पेरणीला गेलेला ट्रॅक्टर उडतो. जून २०२३ ला, रशियाच्या ताब्यात असताना, काखोव्का धरण फुटलं. त्याचा साठा आपल्या सहा जायकवाड्यांएवढा. खेरसन, झापोरिझ्झियाकडच्या कालव्यांवर शेती करणाऱ्यांचं पाणी एका पहाटेत गेलं. आवर्तन आठ दिवस लांबलं तर आपण रास्ता रोको करतो.

आणि तिथला गहू कोणाच्या पोटात जात होता? जागतिक अन्न कार्यक्रम उपाशी देशांना जो गहू वाटायचा, त्यातला निम्म्याच्या आसपास युक्रेनचा. जुलै २०२२ ला तुर्कस्ताननं मध्ये पडून काळ्या समुद्रातून वाट काढून दिली, वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य निघालं. जुलै २०२३ ला रशियानं अंग काढून घेतलं आणि लगेच ओडेसाच्या बंदरावर हल्ले सुरू केले. युद्धात समुद्राची वाट अडल्यापासूनच हा माल रेल्वेनं, ट्रकनं पोलंडकडे वळला होता, तिथले भाव पडले, आणि २०२४ ला पोलंडच्या शेतकऱ्यांनी सीमेवर युक्रेनचं धान्य रस्त्यावर ओतलं. ती चित्रफीत बघून मला दोघांचीही कणव आली. आधी पोलंडनं निर्वासितांना घरात घेतलं होतं हो. पण भाव पडल्यावर शेतकऱ्याची सहानुभूती किती टिकते, ते मी माझ्यावरून सांगू शकतो.

आपलंही तेच झालं, फक्त कोणी जोडून सांगितलं नाही. २०२२ ला गव्हाला जगात भाव आला, १३ मे ला निर्यातबंदी. सूर्यफूल तेल आपल्याला मुख्यतः युक्रेनकडून यायचं, ते अडलं, तर मे संपायच्या आत दोन वर्षांसाठी वर्षाला प्रत्येकी २० लाख टन सोयाबीन आणि सूर्यफूल तेल बिनशुल्क आणायला परवानगी. भाव चढताना आपल्याला शिडी काढून घेतली. रशियाचा वाटा आपल्या कच्च्या तेलात आधी २ टक्क्यांच्या आसपास होता, तो तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला, स्वस्तात मिळालं म्हणतात. माझ्या ट्रॅक्टरच्या टाकीला ते कळलं नाही. जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत डिझेल नव्वदीच्या वर जागच्या जागी. सुरुवातीला कच्चं तेल भडकलं तेव्हा कंपन्यांनी तोटा सोसला हे खरं, पण नंतरचा नफा? आणि आता त्याच तेलाच्या पायी कापूस.

तेव्हा पारावर पुढच्या वेळी कोणी "आपण गप्प राहिलो म्हणून वाचलो" म्हणालं, तर मी विचारणार आहे, कोण वाचलं? तेल घ्या, खत घ्या, भाव पाडून घ्या, माझी ना नाही. फक्त आमसभेत हात वर करायची वेळ आली की ब्राझील, इजिप्तनं केला तसा करा. आपलीही उत्तरेची हद्द अजून मोजणीत आहे, तिथं उद्या पंच लागणार आहेत.

ओलावा आज ११ निघाला. उद्या पहाटे गाडी भरतोय, केंद्रावर काय होतं ते संध्याकाळी टाकतो. हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायची घाई करू नका, फांद्या फुटू द्या.