गणवेष उतरल्यानंतरचे उड्डाण

दाबोळीची धावपट्टी नौदलाची. तिच्यावरूनच प्रवासी विमानेही उडतात. त्यामुळे खिडकीशी बसलेल्या गोमंतकीयास मिग-२९ के विमाने पाहण्याचे अप्रूप उरलेले नाही. धावपट्टी एक असली, तरी लष्करी वैमानिकाने नागरी विमानाच्या आसनावर जाऊन बसणे मात्र आजही सोपे नाही.

वैमानिकांची गरज दोन्हीकडे आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून विश्रांतीचे कडक नियम पूर्णपणे लागू झाले आणि डिसेंबरच्या प्रारंभी इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानांची मागणी शेकड्यांनी नोंदवावयाची आणि ती चालविणारी माणसे मोजून ठेवावयाची, या काटकसरीचे ते फळ होते. दुसरीकडे २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले. मंजूर ४२ तुकड्यांच्या जागी हवाई दलाकडे २९ उरल्या. अशा वेळी करदात्याच्या पैशाने घडविलेला वैमानिक खाजगी कंपन्यांनी पळवावा काय, हा सेनादलांचा प्रश्न गैरलागू नाही.

परंतु जाणारे सगळेच पगारासाठी जातात, हे खरे नव्हे. हवाई दलातील अल्पमुदतीच्या सेवेचा वैमानिक चौदा वर्षांनी बाहेर पडतो, कारण नियमच तसा आहे. निवृत्तिवेतनास वीस वर्षे लागतात. म्हणजे ऐन पस्तिशी-छत्तिशीत, घरची जबाबदारी वाढत असताना, हाती उपदान घेऊन त्याला नवा संसार मांडावा लागतो. १९९४ पासून उड्डाण शाखेत येऊ लागलेल्या महिला वैमानिकांपैकी अनेकींच्या वाट्याला हेच आले. त्यांना 'पळालेले' म्हणणे अन्यायाचे आहे.

बाहेर पडल्यावर हवामान, दिशादर्शन, हवाई नियम अशा परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. वरिष्ठ परवान्यास १,५०० तासांचे उड्डाण लागते. मालवाहू विमानाच्या वैमानिकास ते जड नाही. लढाऊ विमानाच्या वैमानिकाची एकेक फेरी तासाभराची, त्याचे तास सावकाश जमतात. शिवाय एकट्याने निर्णय घेण्याची सवय मोडून, वयाने लहान कॅप्टनच्या शेजारी सहवैमानिक म्हणून बसावे लागते. उतरण्याचा बेत सोडून विमान पुन्हा वर नेणे हा तेथे कमीपणा नव्हे, हे अंगी मुरवावे लागते. या कसोट्या सैल कराव्यात असे आम्ही म्हणणार नाही. प्रवाशांच्या जिवाशी त्यांची गाठ आहे.

सर्वांत बिकट वाट हेलिकॉप्टरवाल्यांची. प्रवासी विमानाचा परवाना त्यांना वेगळा काढावा लागतो. तो न जमल्यास उरतात मुंबई हायच्या तेलविहिरी किंवा हिमालयातील यात्रेकरूंच्या फेऱ्या. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतताना कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधील सातही जण दगावले. वैमानिक लष्करातून निवृत्त झालेले होते. अपघाताचे कारण काहीही असो, अनुभवी माणसे किती जोखमीच्या कामाकडे वळतात हे त्यातून दिसले.

संरक्षण खात्याचे पुनर्वसन महासंचालनालय अभ्यासक्रम चालविते. तेवढ्याने भागणार नाही. सेवेच्या अखेरच्या वर्षीच या परीक्षा देण्यास सवड मिळावी, विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा लाखांच्या घरातील खर्च नेमणूक करणाऱ्या कंपनीने उचलावा, आणि मोबदल्यात त्या वैमानिकाने ठराविक वर्षे राखीव दलात नाव ठेवावे. नागरी उड्डाण व संरक्षण या दोन मंत्रालयांनी एकत्र बसून हा करार ठरविण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.