गाळातून घडलेले पक्षितीर्थ

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधला गेला आणि त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत जाऊन उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती यांची जी सृष्टी निर्माण झाली, तीच आज नांदूर मधमेश्वर अभयारण्य म्हणून ओळखली जाते. जमीन कायम किंवा हंगामी स्वरूपात पाण्याखाली राहते अशा प्रदेशाला पाणथळ म्हणतात. अशा प्रदेशांच्या रक्षणासाठी 1971 मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार 2020 मध्ये नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

साठवण कमी करणारा गाळ अभियंत्याच्या दृष्टीने दोष असला, तरी चिखलात अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांसाठी तो वरदान ठरतो, आणि म्हणूनच हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, चक्रवाक व इतर स्थलांतरित पक्षी, म्हणजे ऋतुमानानुसार दूरचा प्रवास करणारे पक्षी, येथे विसावतात. चापडगावजवळील पायवाटा व निरीक्षण मनोरे यांमुळे हे वैभव सामान्य माणसालाही दुर्बिणीतून न्याहाळता येते.

मात्र पाहण्याच्या हक्काबरोबर जपण्याचे कर्तव्यही येते, कारण घाबरून वारंवार उडणाऱ्या पक्ष्याची परतीच्या प्रवासासाठी साठवलेली ऊर्जा व्यर्थ खर्च होते. वाचकांनी या हिवाळ्यात तेथे अवश्य जावे, पायवाट सोडू नये, आवाज करू नये आणि प्लॅस्टिकचा कणही मागे ठेवू नये.